डाव्या कानाला सांगितलेलं

३ जून

चि. मुलीस,

मायन्यापाशीच अडले. चिरंजीव लिहावं तर तू मुलीच्या वयाची असलीस तरी माझी मुलगी नाहीस. सप्रेम नमस्कार लिहावा तर आपणच आपल्याला हात जोडल्यासारखं होतं. शेवटी चि. लिहिलं. तू अठराची, मी त्रेचाळीसची, तेव्हा वयाचा मान मीच घेतला.

पत्राचं कारण सांगते. आपल्या कॉलेजच्या उपप्राचार्य बाईंचा फोन आला होता. जुलैत नवीन मुलांचं स्वागत आहे, तर जुन्यांपैकी कुणी येऊन बोलावं अशी त्यांची इच्छा. विषय त्यांनीच ठरवलाय, कॉलेजात पहिलं पाऊल टाकणाऱ्या स्वतःला मी काय सांगेन. लाईन खराब होती, बिचाऱ्यांना प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. मी हो म्हणून बसले. मग भाषण लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत 'विद्यार्थी मित्रहो' आलं. वाचून पाहिलं तर कुणीतरी पुतळ्याचं उद्घाटन करतंय असं वाटलं. कागद फाडला. म्हटलं, सांगायचं तुला आहे ना, मग तुलाच लिहू.

तू उद्या निघणार आहेस. निळी सुटकेस भरून दाराशी ठेवली आहेस, तिचं एक चाक लंगडं आहे. तर ऐक. उशी घरची ने, हॉस्टेलच्या उशीत काय भरतात ते अजून कुणाला कळलेलं नाही. प्रयोगशाळेचा पांढरा कोट एक माप मोठा घे. वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढतेस ती काढत राहा, पुढे पानांचे आणि मुळांचे छेद काढताना हात बसलेला असतो. आणि केस कापू नकोस. मोठ्या शहरात चाललेय म्हणून मानेपर्यंत कापायचं मनात आलंय तुझ्या, मला माहीत आहे. केस कापले की कान उघडे पडतात आणि लोक कानाशी येऊन बोलायला लागतात.

माझं म्हणशील तर छान चाललंय. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. पोत्यातून मूठभर नमुना काढायचा, ओल्या कागदावर ओळीने बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबदार खोलीत उभी करायची आणि उगवायची वाट बघायची. हेच माझं काम, आणि ते मला आवडतं. बिया बोलत नाहीत. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, पश्चिमेला खिडकी आहे. शेजारी चांगले आहेत.

आईने तुला निघण्याआधी एक गोष्ट बजावली आहे. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुझीच (दुसरं काय लिहू)


९ जून

चि. मुलीस,

गेल्या पत्रात विषय टाळला. आज लिहिते.

दोन वर्षांपूर्वी तुला गालगुंड झालं. दादाला आधी झालं, मग तुला. दादाचा गाल उतरला आणि तो क्रिकेट खेळायला गेला. तुझाही उतरला, पण डाव्या कानातलं सगळं घेऊन उतरला. एके दिवशी फोनचा रिसीव्हर डाव्या कानाला लावलास आणि म्हणालीस, "फोन बंद पडलाय." आईने तुझ्या हातातून घेतला, ती पलीकडच्याशी बोलायला लागली. बोलता बोलता तुझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली, परत यायची नाही, पण दुसरा कान ठणठणीत आहे, तेव्हा काही अडायचं नाही.

निघायच्या आदल्या सकाळी आई तुझी वेणी घालता घालता म्हणाली, "तिथे कुणाला सांगू नकोस हं. एकदा कळलं की माणसं तेच धरून बसतात. तुझं कळतंही नाही तसं."

तू मान हलवलीस. तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून उलट विचारलं नाहीस.

कळत नाही हे आईचं खरं आहे. शांत खोलीत, समोरासमोर, कुणालाच कळत नाही. पण कॉलेज म्हणजे शांत खोली नव्हे. तिथे जिना आहे, जिन्यावर एकावेळी शंभर पाय आहेत. खानावळ आहे, तिथे स्टीलची ताटं आदळतात आणि सगळ्या मुली एकदम बोलतात. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. कुणी हाक मारली की तू भलतीकडेच बघशील. म्हणून काही दिवसांनी तू बघणंच बंद करशील.

पहिल्याच आठवड्यात वनस्पतिशास्त्राचे सर हजेरी घेतील. ते खिडकीकडे तोंड करून आकडे पुटपुटतात. तुझा आकडा येईल आणि जाईल. ते परत घेतील, मग मान वर करून म्हणतील, "आज महाराणी दरबारात नाहीत वाटतं." वर्ग हसेल. सगळे हसतायत म्हणून तूही हसशील. हे हसणं तुझ्याबद्दल होतं हे तुला संध्याकाळी कळेल, आणि महाराणी हे नाव तुला कायमचं चिकटेल. डावीकडून हाक मारली तर बघत नाही, भारी शिष्ट आहे, असं मुली म्हणतील. शिष्ट म्हटलेलं तुला बरं वाटेल, ते का, हे मला अजून समजलेलं नाही. बहिरी म्हणण्यापेक्षा बरं, असं काहीतरी असेल.

तू तीन उत्तरं तयार ठेवशील. एक "हं". दुसरं "काय सांगतेस". आणि तिसरं, सगळ्यात कामाचं, "बरोबर आहे तुझं". समोरचं माणूस काहीही बोललेलं असो, हे चालतं. कुणी सिनेमाबद्दल बोलत असेल, कुणी मावशीच्या तक्रारी सांगत असेल. "बरोबर आहे तुझं" म्हटलं की माणसं खुलतात. तुझ्याशी बोलून बरं वाटतं, असंही एक-दोघी म्हणतील. तू खोलीत येऊन पलंगावर पडशील, उजवा कान उशीत खुपसशील. सगळं जग बंद होईल. दिवसातली तीच वेळ बरी असेल.

ही तीन उत्तरं शिकू नकोस, एवढं सांगायला आज बसले होते. "पुन्हा सांग" म्हण. चार अक्षरं आहेत. मला ती अजूनही पटकन येत नाहीत.


१७ जून

चि. मुलीस,

आज शिट्टीबद्दल.

खोलीत तुझ्याबरोबर एक मुलगी असेल. तिला सगळ्या शिट्टी म्हणतात. न्हाणीघरात, जिन्यात, अगदी पेपर लिहितानासुद्धा ती ओठांतल्या ओठांत शिट्टी वाजवते आणि आपण वाजवतोय हे तिच्या लक्षात नसतं. रेक्टरबाई तिला रोज ओरडतात. हाडकुळी, उंच, नखांत कायम काळं. वडिलांचं सायकलचं दुकान आहे, लहानपणापासून त्यांच्या हाताखाली स्पोक आवळलेत. आई नाही. वडील आणि ती, दोघंच.

तिच्याशी तुझी मैत्री झाली की नाही, मला सांगता येणार नाही. एका खोलीत राहिलात. ती तुझे टोमॅटो खायची, कारण तुला आवडत नाहीत. तू तिच्या आकृत्या काढून द्यायचीस, कारण तिचा गुलाबही कोबीसारखा दिसायचा. सकाळी ती तुला हाक न मारता चादर ओढून उठवायची, तुला वाटायचं आडदांडच आहे. तिला तू काही सांगितलं नाहीस. सांगायचं अनेकदा ठरवलंस. तिच्यासमोर बसून, "अगं, एक सांगायचंय," इथपर्यंत गेलीस आणि मग म्हणालीस, "तुझी छत्री नेऊ का?"

आता गच्चीचं.

पहिल्या सत्राच्या परीक्षेला थोडे दिवस राहिलेले, वर्ग बंद, मुली अभ्यासाला बसलेल्या. दुपारी तू गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसली होतीस. ऊन होतं, वारा सुटला होता, दोरीवर हॉस्टेलभरच्या चादरी फडफडत होत्या. शिट्टी आली आणि तुझ्या डाव्या बाजूला बसली. दोघी समोर बघत. जरा वेळाने ती बोलायला लागली.

तुला चादरी ऐकू येत होत्या. तिचा आवाज असा येत होता की कुणीतरी बंद दारामागे बोलतंय. सूर कळत होता, शब्द एकही नाही. मान वळवून तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर थोडं कळलं असतं, पण ती अशी ताठ समोर बघत बोलत होती की वळून बघणं बरं दिसलं नसतं. आणि मधेच "काय म्हणालीस?" म्हणायचं तर आधी इतका वेळ काय करत होतीस, हा प्रश्न. ती खूप वेळ बोलली. एकदा आवाज चढला. मग थांबली.

थांबली म्हणजे आता आपली पाळी. तू तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बरोबर आहे तुझं."

ती तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे लाल होते. मग तिने डोकं क्षणभर तुझ्या खांद्यावर टेकलं, उठली, आपली चादर काढून घेतली आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तू ग्रंथालयातून आलीस तर तिची गादी गुंडाळलेली होती. खुंटीवरचा टॉवेल नव्हता. रेक्टरबाई म्हणाल्या, "घरून माणूस आला होता. नाव काढलंय तिने." का काढलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. किंवा त्यांनी सांगितलं आणि मला ऐकू आलं नाही, हेही असेल.

तिचा पत्ता कुणाकडेच नव्हता.

त्यानंतरची पंचवीस वर्षं मी त्या दुपारी कशाला बरोबर म्हटलं, याचा विचार करतेय. ती म्हणाली असेल, कॉलेज सोडून देऊ का. ती म्हणाली असेल, मला जगायचं नाही. एखाद्या माणसाबरोबर पळून जातेय म्हणाली असेल, आणि तो माणूस वाईट निघाला असेल. यातलं काहीही असलं तरी मी होकार दिला होता, तोही इतक्या ठामपणे की तिने दुसऱ्या दिवशी गादी गुंडाळली. बसमध्ये कुणी शिट्टी वाजवली की मला अजून घाम फुटतो.

त्या खोलीत दुसरी कुणी आली नाही. तू उरलेली अडीच वर्षं एकटीच राहिलीस. मागून कुणी विचारलं तरी खोलीत घेतलं नाहीस कुणाला.

जाता जाता लग्नाचंही सांगून टाकते, म्हणजे ते एक मनातून जाईल. झालं, एकोणतिसाव्या वर्षी. आईच्या सांगण्यावरून कानाचं आधी बोलले नाही, लग्नानंतर बोलले. तो म्हणाला, "आधी सांगायला हवं होतंस." त्याचं चुकलं नव्हतं. पण नंतर कशावरूनही वाजलं की तो म्हणायचा, तू माझं ऐकतच नाहीस, आणि स्वतःच्या विनोदावर थोडं हसायचा. चार वर्षं ऐकलं. आता तो दुसऱ्या शहरात असतो.


१८ जून

काल एक खोटं लिहिलं. ते मला झोपू देईना म्हणून सकाळीच लिहितेय.

शिट्टीचा पत्ता माझ्याकडे होता. पत्ता कशाला, तिच्या गावाचं नाव, दुकान कुठल्या चौकात, दुकानाला हिरवं शटर आहे, सगळं तिनेच सांगितलेलं. तिचं गाव इथून बसने सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ आहे. पंचवीस वर्षं ते तितकंच जवळ होतं. बसस्टँडवर त्या गावाची पाटी लागलेली बस मी कितीतरी वेळा बघितली आहे. एकदा चढलेही होते. कंडक्टरने तिकीट विचारलं आणि मी उतरले.

शेजारी चांगले आहेत असंही लिहिलं होतं. असतील. मला त्यांची नावं माहीत नाहीत.

रविवारी जाते.


२६ जून

चि. मुलीस,

जाऊन आले.

शटर आता निळं आहे. दुकान तेच. बाहेर पंपाशी एक म्हातारे गृहस्थ आपल्या सायकलच्या चाकात हवा भरत होते. आत एक बाई उलट्या केलेल्या सायकलचं चाक फिरवून ते कुठे लचकतं ते बघत होती. केस पांढरे, पोरांसारखे बारीक कापलेले, चष्मा कपाळावर. शिट्टी वाजवत होती की नाही, सांगता येत नाही. रस्त्यावर गर्दी होती.

मी दारात उभी राहिले. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. तिने मान वर केली, चष्मा डोळ्यांवर ओढला.

"महाराणी," ती म्हणाली.

हे नाव कुणी इतक्या मायेने घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तू कशी काय आलीस?"

"बसने."

"ते कळलं," म्हणाली आणि हसली. पुढचे दोन दात मोडलेत, पण हसणं तेच. मला खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल ओढून बसली. इकडचं तिकडचं झालं. लग्न नाही केलं तिने. वरच्या खोलीत राहते. गुडघे दुखतात. माझ्या बियांबद्दल विचारत होती आणि खरंच ऐकत होती. चहा झाला. मग बोलायचं संपलं, आणि मला दिसलं की आता नाही विचारलं तर पाचची बस धरून मी तशीच परत जाईन.

"एक विचारायचं होतं," मी म्हटलं. "गच्चीवर त्या दिवशी तू काय सांगत होतीस? मला ऐकू आलं नव्हतं. मी उगाच हो म्हटलं. माझा डावा कान..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तो बंद आहे ते." हातावरचं ग्रीस ती फडक्याने पुसत होती. "दुसऱ्याच आठवड्यात कळलं मला. तू डाव्या कुशीवर झोपलीस की माझी चप्पल वाजली तरी डोळे उघडायचीस. उजव्या कुशीवर असलीस की मेल्यासारखी. मी एकदा तुझ्या उशाशी बादली आपटून बघितली. शेजारच्या खोलीतल्या उठून आल्या भांडायला. तू ढिम्म."

कुणी एक गृहस्थ चाकात हवा भरून पैसे द्यायला आत आले, ती त्यांच्याशी दोन वाक्यं बोलली, ते गेले. मी तिथेच बसलेली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतीस ना. इतक्या मेहनतीने लपवत होतीस, म्हटलं आपण कशाला पाणी फिरवायचं त्यावर. वाट बघितली, सांगेल आज ना उद्या. तू दर वेळी छत्री मागायचीस."

"पण मग गच्चीवर..."

"म्हणूनच डावीकडे बसले."

ती उठली, चाक हाताने एकदा फिरवलं, पुन्हा बसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी आल्यापासून ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. स्टूल तिथे नव्हतं, तिने ते ओढून आणलं होतं.

"बाबांना आदल्या आठवड्यात झटका आला होता," ती म्हणाली. "अर्धं अंग गेलं. काकांचा निरोप आला, दुसऱ्या दिवशी माणूस येतोय, सामान बांध. करणारं दुसरं कोण होतं? आणि मला परीक्षा द्यायची होती. मला ते कॉलेज इतकं आवडायचं, तुला कल्पना नाही. मी गच्चीवर तुझ्याशेजारी बसून म्हटलं, बाबा मरू देत. परीक्षेच्या आत मरू देत, म्हणजे मला जावं लागणार नाही. नुसतं मनात नाही, तोंडाने म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. माझ्यावर जीव टाकणारा माणूस, त्याच्याबद्दल. हे मी कुणाला सांगणार होते? ज्याला सांगेन तो जन्मभर माझ्याकडे त्याच नजरेने बघणार. आणि बोलले नसते तर फुटले असते. तू होतीस."

"आणि मी म्हटलं, बरोबर आहे तुझं."

"हो." ती हसली, पण डोळे भरले होते. "वाटलं, हिला ऐकू आलं. मग तुझ्या तोंडाकडे नीट बघितलं. खानावळीत सगळ्यांना दाखवायचीस तोच चेहरा होता. तेव्हा कळलं, काही ऐकलेलं नाही."

"सांगितलं असतंस मला. या बाजूला बसून."

"तू काय केलं असतंस?"

"काही नाही. ऐकलं असतं."

"तेच नको होतं गं."

मला लागलं ते. इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत होते, तो सुटला, आणि सुटताक्षणी दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. मी म्हटलं, "म्हणजे मला भिंत म्हणून निवडलंस."

"भिंत उत्तर देत नाही," ती म्हणाली. "बाबा पुढे अकरा वर्षं होते. अंथरुणातच. कधी कधी अंघोळ घालताना हातात त्यांचं हलकं झालेलं अंग असायचं आणि मनात यायचं, टाकून द्यावं. सोडावं आणि निघून जावं. मग तुझा तो चेहरा आठवायचा, काही न ऐकता मान हलवणारा. हसू यायचं. टॉवेल घ्यायचे आणि पुसायला लागायचे. कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्यावर दिवस निघाले."

पाचची बस चुकली. सातची धरली. ती स्टँडवर सोडायला आली होती, आणि चालताना गर्दीत दोनदा बाजू बदलून उजवीकडे आली. बस सुटल्यावर ती हात हलवत काहीतरी म्हणाली. काचेतून ऐकू आलं नाही. या वेळी मी हो म्हटलं नाही. हाताने खूण केली की कळलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, तरी कळलं नाही.

आता तुला काय सांगू ते मला माहीत नाही. या पत्रांना सुरुवात केली तेव्हा वाटत होतं, सांगून टाक, लपवू नकोस, एवढंच आहे. ते आहेच. पण बसमध्ये मी वेगळाच विचार करत होते. त्या खोलीत तुझ्यापासून हाताच्या अंतरावर एक मुलगी होती, तिला तुझं सगळं माहीत होतं आणि तिचं काही बिघडलं नव्हतं. तू अख्खं सत्र तिच्यापासून लपण्यात घालवलंस. आणि तिने तिचं सगळ्यात अवघड बोलणं तुझ्याजवळ आणलं, ते तुला पोचणार नाही अशा जागी ठेवलं. दोघी एकमेकींना इतकं जपत होतात की दोघींना कुणीच नव्हतं.

हे भाषणात कसं सांगणार? मुलं जांभया देतील.


८ जुलै

प्रिय शिट्टी,

परत आल्यावर तुला पत्र लिहीन म्हणाले होते. लिहायला बसायची आणि दुसऱ्याच कुणाला तरी लिहून उठायची, ती सवय गेल्या महिन्यात लागली होती. ती मोडली. आता तुलाच लिहिते.

काल आपल्या कॉलेजात बोलून आले. सभागृह नवीन झालंय, खुर्च्यांना गाद्या आहेत. खानावळीत मात्र तोच वास. हॉस्टेलची गच्ची बघायची होती, रखवालदार म्हणाला, आता वर कुणाला सोडत नाहीत. मी आग्रह केला नाही.

भाषण लिहून नेलं नव्हतं. माईकसमोर उभी राहिले आणि म्हटलं, माझा डावा कान सोळाव्या वर्षापासून बंद आहे, या कॉलेजात मी तीन वर्षं काढली आणि हे एकालाही सांगितलं नाही, आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतेय. पुढे काय बोलले ते धड आठवत नाही. तुझं काही सांगितलं नाही, ते तुझं आहे. एवढं म्हटलं की तुमच्या खोलीत जो कोणी असेल त्याला पहिल्या आठवड्यात तुमची एक तरी गैरसोयीची गोष्ट सांगा, आणि त्याचीही विचारा. मुलं शांत होती. जांभया देत असतील तर मला दिसल्या नाहीत. नंतर उपप्राचार्य बाई म्हणाल्या, फारच प्रेरणादायी. मी आभार मानले आणि बस धरली. घरी आले, दिवा लावला, आणि खोलीत जे नेहमी असतं तेच होतं.

आईला फोन केला. सांगितलं, आज सगळ्यांसमोर कानाचं बोलले. ती म्हणाली, "हसलं नाही ना कुणी?" नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाली आणि जेवलीस का विचारलं. मला तिचा राग आला नाही. ती तेव्हाही हेच विचारत होती, फक्त वेगळ्या शब्दांत.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या दुकानात तू विचारलंस, बाकी तब्येत कशी आहे, आणि मी म्हटलं, उत्तम. ते खरं नाही. उजवा कानही जातोय. गेल्या हिवाळ्यापासून. आधी वाटलं फोनच्या लाईनी बिघडल्यात, मग वाटलं प्रयोगशाळेतली नवी मुलगी पुटपुटते. मग एके दिवशी उबदार खोलीतला धोक्याचा भोंगा वाजत होता, आणि मी त्याच्याच खाली उभी राहून बिया बघत होते. त्या मुलीने येऊन खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी बराच वेळ बटण धरून बसले होते. मला वाटत होतं त्यांनी अजून सुरूच केलेलं नाही.

किती जाईल, किती वेगाने जाईल, ते पुढच्या तपासणीनंतर सांगणार आहेत. हे मी आईला सांगितलेलं नाही, दादाला नाही, कामावर नाही. तू पहिली. तू मला सांगायला माझी बंद बाजू निवडलीस, मला ती सोय नाही. तुला चांगलं ऐकू येतं. म्हणून भीती वाटतेय.

तपासणी मंगळवारी सकाळी आहे. डॉक्टर म्हणाले, सोबत कुणाला तरी आणा, मी जे सांगेन ते दोघांनी ऐकलेलं बरं. तिथल्या नर्सने विचारलं, कोण येईल. मी म्हटलं, येईल कुणीतरी. तिने पुढे काही विचारलं नाही, पण मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होते.

दुकान एक दिवस बंद ठेवावं लागेल. गुडघ्यांना बस सोसणार नसेल तर तसं कळव, मी एकटी जाईन. आजवर सगळीकडे एकटीच गेलेय, जमतं मला.

पण तू ये.